वाचून समजले, मान्य आहे

आमच्या शाळेच्या फाटकावर एक पितळी फलक आहे. 'छळमुक्त शाळा – सलग चौथे वर्ष.' तांबेवेढ्याच्या बाजाराला येणारी माणसं तो वाचत पुढे जातात. पाहुणे आले की त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात. इतकी वर्षं तो फलक मी चिंच लावून घासला, कारण मावशींसारखं पितळ कुणाला चकाकवता येत नाही, असं मुख्याध्यापक डांगे सर सगळ्यांसमोर म्हणायचे. आता मी त्याला हात लावत नाही. त्याच्याकडे नजर गेली तरी तोंडात कडू पाणी येतं.

मी गिरजा सोनटक्के. शाळेत दुपारचं जेवण शिजवते. पूर्वी चूल होती, मग गॅस आला, आता गच्चीवरच्या उन्हातून वाफ तयार होते आणि नळीतून भांड्यात येते. तीनशे पोरांची खिचडी पाऊण तासात होते. कोण किती जेवतं, कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण बसत नाही, हे मला वाढताना दिसतं.

पाच वर्षांपूर्वी जिल्ह्याने प्रत्येक पोराच्या मनगटावर पट्टा बांधला. त्याचं नाव साक्षी. फाटकातून आत येणाऱ्या मोठ्या माणसालाही तो बांधावा लागतो. त्या दिवशी जिल्ह्याच्या समन्वयक पेडणेकर मॅडम आल्या होत्या. त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मलाही कळलं.

"मूल घाबरलं की आधी तळहाताला घाम येतो," त्या म्हणाल्या. "घामात मीठ असतं, म्हणून कातडीतून वीज जास्त सहज वाहते. पट्टा अगदी बारीक, न जाणवणारी वीज सोडून ते मोजतो. दुसरं म्हणजे काळीज. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांतलं अंतर सारखं थोडं कमीजास्त होत असतं. घाबरलेल्याचं काळीज घड्याळासारखं सारख्या अंतराने ठोके देतं. तिसरा आवाजातला कंप. या तिन्हींचा मिळून एक आकडा येतो, शून्य ते शंभर. त्याला आम्ही ताणांक म्हणतो. साठच्या वर गेला की पट्टा वाजतो आणि नोंद होते."

"आणि त्रास कोण देतंय ते कसं कळणार?" कुणीतरी विचारलं.

"तेही पट्टाच सांगतो. हजारो मुलांचे पट्टे तपासल्यावर दिसलं की त्रास देणारं मूल त्या वेळी शांत असतं. त्याला मजा वाटत असते ना! म्हणून एकमेकांजवळ असलेल्यांत ज्याचा ताणांक जास्त तो बाधित, ज्याचा सगळ्यात कमी तो कर्ता. नियम चौदा. मूल खोटं बोलेल, शिक्षक पांघरूण घालतील. घाम खोटं बोलत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला खरंच बरं वाटलं होतं.

नियमावली अठ्ठेचाळीस पानांची होती. तीस दिवसांत तीन नोंदी झाल्या तर छळाची घटना. एकाच वेळी दोघांच्या ताणांकात पन्नासहून जास्त फरक पडला तर तीन नोंदींची वाट पाहायची नाही. तो 'थंड डोक्याने केलेला छळ', आणि कर्त्याची रवानगी एका वर्षासाठी जिल्ह्याच्या निवासी सुधारवर्गात. वर्षभर एकही घटना झाली नाही तर शाळेला पितळी फलक.

पहिल्या महिन्यात पट्टे दिवसाला वीस-वीस वेळा वाजले. प्रत्येक नोंदीमागे डांगे सरांना चार पानं भरावी लागत. दुसऱ्या महिन्यात सरांना उपाय सापडला.

श्वास घेताना काळजाचे ठोके जरासे वाढतात, सोडताना उतरतात. म्हणजे श्वास सोडणं लांबवलं की ठोके उतरतात, घामही आटतो. सरांनी रोज सकाळी वीस मिनिटांचा श्वासवर्ग सुरू केला. दिसायला किती चांगली गोष्ट! पण ज्या पोरांचे पट्टे वाजायचे त्यांना सर पहिल्या रांगेत बसवायचे. मारणारी मागे, मार खाणारी पुढे. "सोडा… सोडा… अजून सोडा," सर म्हणायचे. सहा महिन्यांत शाळेत एकही पट्टा वाजेनासा झाला.

पोरंही काही कमी नव्हती. पट्टा शब्दही ऐकायचा आणि त्याला शिव्यांची यादी पाठ होती, म्हणून पोरांनी शिव्याच टाकून दिल्या. सातवीत उत्पला नावाची मुलगी होती. तिचा बाप शौचालयाच्या टाक्या उपसायची गाडी चालवतो. ती वर्गात शिरली की सगळ्यांचे हात नाकाकडे जात. एक शब्द नाही. दुपारी पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना एकेका पोराची जागा रिकामी. मी वाढायला गेले की पंगत अशी दिसायची जशी दात पडलेली कवळी. याची पुढारी होती शर्वरी बेंद्रे, शाळा समितीचे अध्यक्ष पंजाबराव बेंद्रे यांची मुलगी. ती नाक अगदी नाजूकपणे दोन बोटांत धरायची आणि हसायची. तिचा पट्टा हिरवा, म्हणजे शांत.

सुरुवातीला उत्पला स्वयंपाकघरामागे येऊन रडायची. पट्टा वाजायचा, पण जवळ दुसरं पोर नसल्यानं कर्ता सापडायचा नाही; शिपाई धावत यायचा आणि तिलाच म्हणायचा, "ए, बंद कर ते. सर ओरडतील." मग तिला पहिल्या रांगेत बसवलं. तिथं तिला जमेना.

तेव्हा तिला शिकवलं ते मी. हे लपवून मी पुढचं सांगू शकत नाही.

"हे बघ," मी म्हणाले, "झाकण काढलं की वाफ तोंडावर येते का नाही? तेव्हा मी तोंडानं श्वास सोडते आणि मनात विसापर्यंत मोजते. चटका बसतो, पण आपल्याला बसलाय असं वाटत नाही. तूही मोज."

"वीस झाले तरी ते थांबले नाहीत तर?"

"परत एकपासून."

पोरगी हुशार. महिनाभरात तिचा ताणांक तिशीच्या खाली उतरला. ती रडायला यायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. शरीर असंही शिकतं, हे मला नंतर कळलं. तोच चटका रोज बसला की एक दिवस ते ओरडायचं सोडून देतं. चटका बसायचा थांबलेला नसतो.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी उत्पला तिची रिकामी जागा सोडून उठली आणि ताट घेऊन शर्वरीच्या अगदी शेजारी जाऊन बसली. शर्वरीचा हात नाकाकडे गेला. उत्पलाने तो मनगटाला धरून हळूच खाली आणला आणि ताटात ठेवला.

"जेव," ती म्हणाली. "खिचडी गार होते."

एवढंच. ओरबाडणं नाही, ढकलणं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर पळी घेऊन उभी होते.

शर्वरी किंचाळली. असं किंचाळली की पाहणाऱ्याला वाटावं हाताला साप लागला. तिने घास ओकून टाकला. दोन्ही पट्ट्यांची नोंद झाली. शर्वरी अठ्ठ्याऐंशी. उत्पला एकतीस. फरक सत्तावन्न.

संध्याकाळपर्यंत शाळेच्या पडद्यावर लिहून आलं: थंड डोक्याने केलेला छळ. बाधित, शर्वरी बेंद्रे. कर्ता, उत्पला वाव्हळ.

दुसऱ्या दिवशी तिची आई कुसुम माझ्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"मावशी, समितीत तुम्ही हायेत न्हवं? शनिवारी बैठक हाय. पोरगीला वर्षभर नेणार म्हणत्यात. सगळ्यांचं एकमत लागतं म्हणं."

"लागतं."

"मग तुम्ही अंगठा देऊ नका."

अंगठा. हा शब्द मला लागला.

मला वाचता येतं. सत्तावन्नाव्या वर्षी, भांडी घासून झाल्यावर, पहिलीच्या वर्गात मागे बसून मी अक्षरं शिकले. तेव्हाच्या बाई बदलून गेल्या आणि ही गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. नियमावलीनुसार समितीत एक नागरिक प्रतिनिधी लागतो. डांगे सरांनी माझं नाव सुचवलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी अंगठ्याची काच माझ्यापुढे सरकवली. "मावशी, अंगठा." एवढ्या लोकांत मला सही येते म्हणायला संकोच वाटला. सर खजील होतील, असं वाटलं. काच समोर आलीच आहे, तर ठेवू अंगठा. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. चार वर्षं दर महिन्याला. अंगठ्याच्या वर लिहिलेलं असायचं, 'या महिन्यात छळाची एकही घटना घडली नाही.' ते मला वाचता येत होतं. दात पडलेली पंगत दुपारी बघायची आणि संध्याकाळी त्याखाली अंगठा ठेवायचा. तो मी कशाने घासू?

"कुसुम," मी म्हणाले, "ते पुस्तक मिळंल का? नियमाचं?"

"तुम्हाला काय करायचं त्याचं?"

"वाचायचंय."

ती निघून गेली आणि तासाभरात पुस्तक घेऊन आली. मी तासाला तीन पानं वाचते. शुक्रवारी संध्याकाळी अठ्ठेचाळीस पानं संपली. एवढ्या पानांत मुलाला विचारावं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण सत्ताविसाव्या नियमात एक ओळ होती: शिक्षेच्या ठरावावर अंगठा चालणार नाही; नागरिक प्रतिनिधीने 'वाचून समजले, मान्य आहे' असे स्वतःच्या हाताने लिहावे.

शनिवारी बैठकीला पंजाबराव आधीच येऊन बसले होते. पट्टा मनगटावर घट्ट होत होता म्हणून शिपायावर खेकसत होते. पेडणेकर मॅडम जिल्ह्याहून आल्या होत्या. डांगे सर नेहमीसारखे प्रसन्न. कुसुम भिंतीला टेकून उभी. उत्पला मध्ये, स्टुलावर. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांचे आकडे दिसत होते. तिचा होता एकोणतीस.

"बघा," पंजाबराव म्हणाले, "एवढी माणसं बसलीत तरी पोरीला काही वाटतंय का? माझी शर्वू तीन दिवस जेवली नाही. आणि ही? दगड आहे दगड!"

"पंजाबराव, शांत," सर म्हणाले. "नियम आपलं काम करेल. मावशी, तुम्हाला फक्त एक ओळ लिहायची आहे. मी फिक्कट लिहून ठेवलीय, तुम्ही वरून गिरवा."

त्यांनी टॅब पुढे केला. राखाडी अक्षरांत ती ओळ होती. लहान पोरांना गिरवायला देतात तशी.

"आधी समजू द्या," मी म्हणाले. "नियम चार. छळ म्हणजे बलवानाने दुर्बळाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा दिलेला त्रास. पान सहा. मग मॅडम, यांच्यात बलवान कोण?"

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"येतं. तुम्ही कधी विचारलं नाही."

"चार वर्षं अंगठे देत होतीस की, म्हातारे!" पंजाबराव ओरडले. "तेव्हा नाही सुचलं?"

"नाही सुचलं. ते माझं पाप. आज पोरीचं बोलू." मी उत्पलाकडे वळले. "आता काय करतीयास मनात?"

"मोजतेय, आजी."

"किती झाले?"

"सोळा."

"थांबव."

"येत नाही थांबवायला," ती म्हणाली. खरंच सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी शिकवलेलं होतं ते.

मला एवढंच ठाऊक होतं की वाफेसमोर असताना कुणी बोलायला लावलं तर माझी मोजणी मोडते. लांब श्वास सोडायचा आणि बोलायचंही, दोन्ही एका तोंडाला जमत नाही.

"मग बोल. पहिल्यापासून काय काय झालं ते सगळं सांग. मध्ये थांबायचं नाही."

"मावशी, हे कार्यपद्धतीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही म्हणूनही लिहिलेलं नाही. बोल, बाळा."

उत्पला बोलायला लागली. आधी यादी वाचल्यासारखं. बाकावर फिनेल ओतलं. वही चिमट्याने धरून बाईंना दिली. कबड्डीत तिला कुणी धरायचंच नाही, ती सीमा ओलांडून परत यायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. पडद्यावर चौतीस. वाढदिवसाला बाबाने आणलेले पेढे वाटले, ते सगळे नंतर मुतारीत सापडले. अठ्ठेचाळीस. बाबा शाळेवरून गाडी घेऊन जातो तेव्हा ती खाली मान घालते, आणि एकदा त्याने हाक मारली तेव्हा तिने ओळख दाखवली नाही. इथं तिचा आवाज फाटला. कुसुमने तोंडावर पदर दाबला. त्र्याहत्तर. पट्टा वाजायला लागला. ती थांबली नाही. सरांना सांगितलं होतं, सर म्हणाले श्वास सोड. परत सांगितलं, सर म्हणाले अजून लांब सोड. सर म्हणाले, तुझ्यामुळे फलक जाईल. शहाण्णव.

खोली पट्ट्याच्या आवाजाने भरून गेली. डांगे सर उठले आणि भरभर तिच्याकडे गेले. मला वाटलं, पोरीच्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पट्ट्याचं बटण शोधायला लागले.

"बंद कसा होतो हा? मॅडम, बंद कसा होतो?"

रागाने लाल झालेले पंजाबराव बासष्ट होते. मॅडम पंचावन्न. कुसुम एक्क्याण्णव. मी किती होते ते मी पाहिलं नाही. पडद्यावर नवी ओळ आली.

थंड डोक्याने केलेला छळ. बाधित, उत्पला वाव्हळ, शहाण्णव. कर्ता, य. श्री. डांगे, चोवीस.

चार वर्षं रोज सकाळी वीस मिनिटं श्वास सोडणारा माणूस होता तो. बटण शोधतानाही काळीज शांत होतं.

पंजाबरावांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मॅडम उभ्या राहिल्या.

"हा… हा तांत्रिक बिघाड दिसतोय."

"असेल," मी म्हणाले. "मग मंगळवारचाही तोच बिघाड. नियम खरा धरायचा तर सरांना सुधारवर्गात पाठवा. खोटा धरायचा तर पोरीचं नाव काढा. मॅडम, घाम खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणाला होता."

मॅडमनी सरांकडे पाहिलं, सरांनी मॅडमकडे. पोरीकडे कुणी पाहिलं नाही. दहा मिनिटं दोघं बाहेर व्हरांड्यात कुजबुजत होते. आत आले तेव्हा निर्णय झाला होता. संवेदकातील बिघाडामुळे दोन्ही नोंदी रद्द.

म्हणजे उत्पला सुटली. ती निर्दोष आहे असं कुणाला वाटलं म्हणून नव्हे. सरांना सोडवायचं होतं, आणि दार उघडल्यावर तीही बाहेर आली. आणि नोंदी रद्द, म्हणजे घटनाच नाही. फलक जागेवर. त्या क्षणी मला जी किळस आली ती आयुष्यात कधी खरकट्याची आली नाही, आणि मी चाळीस वर्षं खरकटं उपसते आहे.

बाहेर नळावर उत्पला तोंड धूत होती. मनगटावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

"आजी, आता मोजू की नको?"

मोजलं तर तिला कमी लागणार होतं. नाही मोजलं तर लागलेलं दिसणार होतं. लेकराला यातलं एक निवडायला लावणारी ही कसली शाळा?

"घरी झोप येईना तर मोज," मी म्हणाले. "इथं नको. इथं बोल."

"मोठ्यानं?"

"पार रस्त्यावर ऐकू जाईल इतकं."

सोमवारी पंगत बसली. दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्याच होत्या. काही बदललं नव्हतं. हात नाकाकडे गेले, आणि उत्पलाचा आवाज आला, स्वच्छ आणि थोडा थरथरता.

"शर्वरी, नाकावरचा हात काढ. आश्लेषा, तूही."

पट्टा वाजला. शिपाई धावत आला. ती त्याला म्हणाली, "वाजू द्या, काका." शर्वरीने हात काढला नाही. आश्लेषाने काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मुकाट्याने जेवायला लागली. त्या आठवड्यात उत्पला असं रोज बोलली.

महिनाअखेरीला बैठक होती; पेडणेकर मॅडमही आल्या होत्या. अजेंड्यावर नेहमीचं एकच वाक्य. 'या महिन्यात छळाची एकही घटना घडली नाही.' मी म्हणाले, तो पट्टा आठवडाभर रोज वाजत होता. सर म्हणाले, "ते पट्टे बिघडलेले आहेत, मावशी. दुरुस्तीला पाठवलेत." आणि सवयीने काच माझ्यापुढे सरकवली. मग त्यांना आठवलं, आणि हात तसाच राहिला.

मी काच बाजूला केली. लेखणी मागितली. कुणी लवकर देईना, तेव्हा मॅडमच्या हातातली घेतली.

माझं अक्षर मोठं आणि वाकडं आहे. ओळ खाली उतरत जाते. लिहायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळ्यांना थांबावं लागलं. 'वाचून समजले. मान्य नाही. हे खोटे आहे. घटना रोज दुपारी पंगतीत घडते. मी वाढते, मला दिसते. याआधीचे माझे सगळे अंगठेही खोटे धरावेत.' खाली पूर्ण नाव लिहिलं. गिरजा दत्तोबा सोनटक्के.

समोर डांगे सर डोळे मिटून लांब श्वास सोडत होते. किती वेळ ते मी मोजलं नाही.